अ लिटल

आठवी ब. जिंतूरचं ऊन खिडकीतून थेट तिसऱ्या बाकापर्यंत आलेलं.
फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिते.
देअर इज लिटल वॉटर इन द टँक,
म्हणजे टाकीत पाणी जवळजवळ नाहीच.
देअर इज अ लिटल वॉटर,
म्हणजे आहे. थोडं, पण आहे.
फरक एवढाच, खडूच्या टोकाएवढ्या एका अक्षराचा.

नागसेन हात वर करतो.
"मॅडम, पाणी तर तेवढंच ना दोन्ही बारीला?"
तेवढंच.
"मग ठरवतं कोण?"
बोलणारा, मी म्हणते,
आणि पुसायला वळते, पुसण्यासारखं काही नसताना.

स्कॅर्सिटीचा अर्थ मात्र कुणाला सांगावा लागत नाही.
"ते आमच्या पप्पांचं टेबल आहे," महानंदा म्हणते.
तहसीलमध्ये, जिन्याखाली. पाटीवर टंचाई,
साहेबांच्या फोनवर स्कॅर्सिटी.
पावसाळ्यात त्यावर मतदारयाद्यांचे गठ्ठे असतात,
फेब्रुवारीत टेबल झटकून घेतात.
शब्दाचाही सीझन असतो,
हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मग लॅक. एल, ए, सी, के. उणीव.
परसराम शेवटच्या बाकावरून:
"आमचे मामा पतसंस्थेत चेकवर लिहितात की. थ्री लॅक ओन्ली."
त्यात के नसतो रे.
"म्हणजे के लावला की पैशे संपले?"
वर्ग हसतो, मीही हसते.
पण त्या ओन्लीशी मी जरा अडखळते.
तीन लाखांच्या पुढंसुद्धा माणूस
'फक्त' लिहिल्याशिवाय सही करत नाही.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या खोलीत सोजरबाई.
गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी
तिच्या वहीत वाचलं: मीठ वाढले. हळद वाढली.
"वाढलंय तर आणखी कशाला मागता?"
"वाढलंय म्हनूनच मागायलोत की."
पदराला हात पुसत ती हळूच म्हणाली,
"संपलं म्हनू नै सायेब. चुलीला ऐकू जातं."
साहेबांनी लाल पेनानं त्यापुढं लिहिलं, निल.
कोरडा शब्द. घासलेल्या पातेल्यासारखा.
सोजरबाईच्या हातातल्या बांगड्या सात वर्षांपूर्वी वाढल्या,
तेव्हाही गल्लीत कुणी फुटल्या म्हणालं नव्हतं.

माझ्या जुन्या डिक्शनरीत वॉन्टचे दोन अर्थ आहेत.
वर ठळक: हवं असणे.
खाली, मुंगीच्या अक्षरात: नसणे.
ती मुंगी मी पोरांना दाखवत नाही.
परीक्षेला येत नाही म्हणते, पुढं जाते.

हजेरी राहिलीच होती.
कौसर पठाण.
कौसर पठाण?
"तिच्या गल्लीत आज नळ आलाय, मॅडम. दहाव्या दिवशी."
जूनमध्ये तिनंच सांगितलं होतं उभं राहून,
माझ्या नावाचा अर्थ भरपूर. लई भरपूर.
मी तिच्या चौकटीत ए लिहिते
आणि फळ्याकडं बघते.
तेच अक्षर तिथंही आहे,
टाकीतल्या पाण्याला धरून ठेवलेलं.

तास संपायला दहा मिनिटं असताना ती दारात.
बाह्या कोपरापर्यंत ओल्या, चप्पल हातात.
"लेट झालं मॅडम. पानी आलतं."
किती आलं?
"थोडं."
इंग्लिशमध्ये सांग बरं, मी म्हणते, सवयीनं,
आणि म्हणताक्षणी वाटतं, नको होतं विचारायला.

ती दोन्ही वाक्यं वाचते.
वरचं. खालचं. परत वरचं.
कोपरावरून एक थेंब फरशीवर पडतो.
नागसेन काहीतरी सांगायला उठतो, महानंदा त्याला खाली ओढते.
कुणी प्रॉम्प्टिंग करू नका.
ती ठरवायलीय.